भुताच्या पिक्चरमध्ये इंदूमावशी

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगू का... हसायला वाचतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईल काढायचा, कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीवर मागे कोण येऊन बसलं ते वाचायचं, आणि शेजारच्या पंपवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. दोघंही पोट धरून हसतो. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. म्हणू दे.

धुळ्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, राहायला देवपुरात. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणतो आणि हमखास म्हणतो, "भाऊ, आपोआप जळाली." अरे बाबा, आपोआप काही जळत नाही! एखादा फेज गेलेला असतो, बेअरिंग जाम झालेलं असतं, नाहीतर आत पाणी शिरलेलं असतं. उघडून बघितलं की कारण सापडतं. असा माझा स्वभाव. देवळात जातो, पण नवससायास नाही, अंगारा-धुपारा नाही. आणि भुताचे पिक्चर म्हणजे तर माझ्यासाठी विनोदीच. लहानपणी गल्लीत कुणी व्हिडिओ आणला की असले पिक्चर लागायचे. बाकीची पोरं गोधडीत तोंड खुपसायची आणि मी त्या भुताच्या साडीखाली दिसणाऱ्या चपला दाखवायचो.

आता मूळ गोष्ट.

माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, यावलकडची. तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमधलं एक लहान गाव. लग्न होऊन धुळ्याला येऊन जन्म गेला, पण बोली तिकडचीच राहिली. मायला एक मोठी बहीण होती, इंदू. माय तिला इंदूअक्का म्हणते. इंदूमावशीचं लग्न एरंडोलला झालं आणि लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात ती काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. त्या दिवसांत नद्या-नाले भरलेले, माहेरी निरोप पोचेपर्यंत तिकडे अग्नी देऊन झाला होता. मायला बहिणीचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. आणि फोटो म्हणाल, तर एकसुद्धा नाही. लग्नाचासुद्धा नाही.

पण तिचं एक चित्र कुठंतरी आहे हे मायला माहीत होतं. मावशी गेली त्याच साली, उन्हाळ्यात, ती आखाजीला माहेरी आली होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके, दिवसभर गाणी. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी ठेवायची, उंबऱ्यावर कुंकवाचं बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. म्हणजे लेकी आणि पितर, दोघं एकाच दिवशी घरी येतात.

तर त्या वर्षी गावाबाहेर एका लाकूड ठेकेदाराच्या जुन्या बंगल्यावर मुंबईहून पिक्चरवाले आले होते. भुताच्या बंगल्याचा पिक्चर. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्याच्यावर कुणाच्या उड्या पडायला नकोत. त्यांना बंगल्यासमोरून डोक्यावर घागरी घेऊन जाणाऱ्या बाया हव्या होत्या. गावात आखाजीच्या माहेरवाशिणी भरलेल्याच, सगळ्या हौसेनं पुढे झाल्या. माय तेव्हा फ्रॉकमध्ये, तिला कुंपणाबाहेर उभं केलं. ती सांगते की भरल्या घागरी घेऊन परत परत चालून बायांच्या माना आखडल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं, रिकाम्याच घ्या, पाणी कुठं दिसतंय.

पुढे पिक्चर लागला तोवर मावशी गेलेली. गावातले लोक बघून आले आणि सांगू लागले, इंदू दिसते, इंदू दिसते. आजोबांनी घरात कुणालाही जाऊ दिलं नाही. "माझी मेलेली पोरगी मी भुताच्या पिक्चरात पाहू?" असं म्हणून ते रडले होते म्हणे. त्यानंतर त्या घरात पिक्चरचं नाव निघालं नाही.

आता हे सगळं परत का निघालं? तर मायचे डोळे. तिला काचबिंदू आहे. आम्हाला उशिरा कळलं. एक डोळा गेलाच, दुसऱ्याची नजर कडेनं आक्रसत चालली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. तिला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं. ताटातली भाजी दिसली तर भाकर दिसायची नाही.

दवाखान्यातून घरी येताना रिक्षात माय एकदम म्हणाली, "डोये जायाच्या आधी मले अक्काचं तोंड पाह्यचं हाये." नातवंडं नाही, देव नाही, हे. जन्मभर तिनं माझ्याकडे साधं लुगडंसुद्धा मागितलं नव्हतं.

माझी मुलगी ऋतुजा कॉलेजला आहे. तिला बंगल्याचं आणि पिक्चरचं वर्णन सांगितलं. सापडायला वेळ लागला, पण आखाजीच्या आदल्या दिवशी तिनं तो पिक्चर इंटरनेटवर शोधून काढला. मी म्हटलं, उद्याच लावू. सकाळी घागर भरू, जेवणं होऊ दे, मग मायला दाखवू.

आखाजीच्या दिवशी दुपार. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा गटारीत जाऊन पडलेलं. कूलर चालू, खिडक्यांना पडदे. पुरणपोळी-आमरसानं सगळे जडावलेले. टीव्हीसमोर अगदी जवळ खुर्ची टाकून माय, तिच्या मागे मी, बाजूला माझी बायको वैशाली. ऋतुजा पिक्चर लावून देऊन आत भांडी आवरायला गेली.

पिक्चर कसा, तर असायचा तसाच. रंग उडालेले, पडद्यावर रेघोट्यांचा पाऊस. करकरणारं फाटक, आपोआप हलणारी खुर्ची, जिन्यावर मेणबत्ती घेतलेली पांढऱ्या साडीतली बाई, कंदीलवाला म्हातारा. वैशाली पदर तोंडाला लावून हसत होती. मीसुद्धा म्हटलं, "हिची मेणबत्ती वाऱ्यानं विझत कशी नाही गं?" माय मात्र हसली नाही. बंगल्याचा व्हरांडा दिसला तशी ती पुढे वाकली. "हाच. हाच ठेकेदाराचा बंगला."

मग हिरॉइनची मोटार फाटकाशी येऊन थांबते तो सीन आला. समोरून डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया ओळीनं जातात. कॅमेरा मागे. सगळ्यांच्या पाठी, डोक्यावर पदर. मला वाईट वाटलं. म्हटलं, एवढं शोधून तोंड दिसतच नाही की!

तेवढ्यात ओळीतली शेवटची बाई थांबली.

बाकीच्या चालत राहिल्या. हिनं डोक्यावरची घागर उतरवली, आमच्याकडे तोंड करून वळली, आणि पदर मागे सरला. एकोणीस-वीस वर्षांची पोरगीच ती. तिनं दोन्ही हातांनी घागर पुढे धरली आणि पालथी केली. एक थेंब पडला नाही. तशीच पालथी धरून ती सरळ बघत राहिली. हिरॉइनकडे नव्हे, मोटारीकडे नव्हे... आमच्याकडे. मग घागर काखेत घेऊन वळली आणि ओळीमागे निघून गेली.

मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही हो, हे आधी लक्षात घ्या. मला वाटलं, पिक्चरचीच करामत. रिकामी घागर म्हणजे अपशकुन, हिरॉइनला इशारा, असं काहीतरी. मी तर खूश झालो. "माय, दिसली का? हीच ना मावशी?"

मायनं मागे हात करून माझं मनगट धरलं. ती म्हणाली, "मले घागरच दिसली रे... वर पाह्यलं तं ती वयाली व्हती."

तिच्या नजरेत मावतं तेवढ्या तुकड्यात ती पालथी घागर आली आणि डोळा वर नेईपर्यंत बहीण पाठमोरी झाली. माय रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, रडतेस कशाला, परत लावतो, थांबवून दाखवतो." रिमोट घेऊन मागे नेलं.

बाया आल्या. चालत गेल्या. कुणी थांबलं नाही. कुणी वळलं नाही.

मला वाटलं, पुढे-मागे झालं असेल. परत नेलं. परत. शेवटची बाई बाकीच्यांसारखीच सरळ चालत केळीच्या आड जाते आणि सीन कापला जातो. मी वैशालीकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. "अहो, ती वळली होती ना? घागर पालथी केली ना तिनं?" तिनं विचारलं, मी काही बोलायच्या आधी. म्हणजे तिलाही दिसलं होतं. तोंड तिला आठवत नव्हतं, तीही घागरीकडेच बघत राहिली होती. आतून ऋतुजा आली, तिला आमचे चेहरे बघून वाटलं की मायलाच काही झालं.

मी चिडलो. हो, घाबरलो नाही, चिडलो. असा स्वभावच आहे. म्हटलं, हे असं कसं? ऋतुजाला दुसरीकडची प्रिंट शोधायला लावली. तिच्यात तोच सीन, त्याच पाठी. मी पॉज करत करत एकेक चित्र बघितलं. रेघोट्या, धूळ, पाठी, दुसरं काही नाही. डोळ्यांवर पाणी मारून आलो, परत बघितलं. नाहीच.

आमची ही झटापट चालू असताना माय शांत झाली होती. ती म्हणाली, "अक्काची घागर कोन भरते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आज आखाजी. तिच्या नावाची घागर कोन भरते? इचार बरं एरंडोलले."

आमच्याकडे रीत अशी की लग्न झालेली बाई गेली तर तिच्या नावाची घागर सासरी भरायची. माहेरी तिचं नाव घेत नाहीत, ती त्या घरची झाली. म्हणून आजोबांनी कधी भरली नाही, मामांनी नाही. सगळे धरून चाललेले की एरंडोलला भरतातच. मावशीच्या नवऱ्यानं पुढे दुसरं लग्न केलं होतं. तेही आता नाहीत, पण त्या दुसऱ्या बायकोचा मुलगा भगवानदादा लग्नकार्यात भेटतो, चांगला माणूस आहे. त्याला फोन लावला. काय विचारायचं तेच सुचेना. शेवटी सरळ विचारलं, "दादा, इंदूमावशीची घागर तुम्ही भरता ना?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आमले वाटे, तुम्हीच भरतस व्हतीन. तिले पोर नही, बाळ नही... आमनी माय म्हने, तिन्हा माहेरना लोके भरतीन." मग म्हणाला, "उंबरावर बठ्ठासना नाव लेतस आम्ही, भाऊ. तिन्हंच नाव राही गयं." म्हणजे बाकी सगळ्यांची नावं घ्यायचे, तिचंच राहून गेलं होतं.

फोन स्पीकरवर होता. मायनं ऐकलं. मला वाटलं ती भांडेल, चार शब्द सुनावेल. ती फक्त म्हणाली, "पन्नास वरीस पोरगी दोन घरांच्या मधात उभी राह्यली रे." वैशाली तिच्या पायाशी बसून हुंदके देऊन रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "माय, पण आपण कसं भरणार? आपण ना तिचं सासर ना माहेर. बहिणीच्या घरी भरतात का कुठं?"

"कोनाचंच घर नशीन तं माझं घर तिचं," माय म्हणाली. "जाय, घागर घिऊन ये."

भर उन्हात गाडी काढली. आखाजीच्या दुपारी घागर मिळणं म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झूल शोधण्यासारखं. सकाळीच सगळ्या विकल्या जातात. कुंभारवाड्यात दोन दारं वाजवली, शेवटी एका आजीबाईंनी स्वतःच्या घरातली नवी घागर काढून दिली. कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, मावशीसाठी. "मावशीची?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण घागर दिली.

घरी आणून भरली. वर डांगर, वैशालीनं उरलेल्या सांजोऱ्या ठेवल्या. मायला धरून उंबऱ्याशी बसवलं. कुंकवात बोट बुडवून तिनं चाचपत रेघ ओढली आणि नाव घेतलं, "इंदूअक्का." मोठ्यानं, हाक मारावी तसं. एरंडोलला भगवानदादानंही दिवस मावळायच्या आत भरली. त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. तेव्हापासून दोन्हीकडे भरतो.

इथपर्यंत कुणी म्हणेल, ऊन, जड जेवण, घरात भरलेलं आखाजीचं वातावरण, मायचा हट्ट... दोघा नवरा-बायकोला एकाच वेळी भास झाला. मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण त्या संध्याकाळी मायनं मला जवळ बोलावलं. "तुले तोंड दिसलं ना? मले सांग."

मी सांगायला लागलो. रंग सावळा. चेहरा गोल, हनुवटीवर गोंदण. खालचा ओठ दातांखाली धरलेला, ओझं उचलताना धरतात तसा. आणि डावी भुवई मध्येच तुटलेली, तिथं केस नाहीत, जुन्या जखमेची बारीक रेघ.

माय एकदम ताठ बसली. "हे तुले कोनी सांगलं?"

"कुणी नाही. दिसलं ते सांगतोय."

मग तिनं सांगितलं. लहानपणी एका आखाजीला तिनं इंदूअक्काला झोका दिला, मुद्दाम जोरात दिला, आणि अक्का पडली. भुवई फुटली. घरी मार बसेल म्हणून धाकटीला वाचवायला अक्कानं सांगितलं की दाराच्या चौकटीवर आपटले. दोघींनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. मायनं माझ्या बापालासुद्धा सांगितलं नव्हतं. मावशीच्या भुवईबद्दल आमच्या घरात एक अक्षर कधी निघालेलं नाही, कारण ते निघालं की झोकाही निघाला असता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. त्या पिक्चरच्या मिळतील तेवढ्या प्रिंट मी बघितल्या. पंपवाल्याला दाखवला, न सांगता. त्याला फक्त चालणाऱ्या बाया दिसल्या. यावलला लग्नाला गेलो तेव्हा बंगल्याची जागाही बघून आलो. बंगला कधीच पाडलाय, तिथं केळी लावलीय. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या, कधी न बघितलेल्या बाईचा चेहरा माझ्या डोक्यात कुठून आला? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. हसायचं तर हसा, मीही हसायचोच.

मायला आता दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. दुकान बंद करून घरी आलो, चहा झाला, की अधूनमधून ती म्हणते, "सांग बरं." मी तिच्या खाटेवर बसून सांगतो. सावळा रंग, गोंदण, दातांखालचा ओठ, तुटलेली भुवई. ती ऐकता ऐकता स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवते. इतक्यांदा सांगितलं, पण "चुकलं" असं ती अजून एकदाही म्हणाली नाही.

परवा मी असाच सांगत होतो. निम्म्यातच तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "राहू दे आता. दिसली मले."